कमलच्या पाठीमागची बाई

हे मी आजवर कोणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकींजवळ नाही. तुम्हाला सांगते आहे, पण ऐकून बरं वाटेल असं यात काही नाही — आधीच सांगून ठेवते.

परवा नातवंडं जमली होती. भुलाबाईची गाणी झाली, खिरापत वाटून झाली, आणि मग नेहमीचं — "आजी, तू भूत पाह्यलं ना वं? सांग ना!" माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी लेकरांवरच ओरडले. त्यांचा काय दोष? आमच्या आर्णीत ती गोष्ट किती घरांत सांगतात. खेळता खेळता आम्ही डोळ्यांनी पाहिलं, अशी शपथ घेणाऱ्या अजून जिवंत आहेत. खोटारड्या! आणि पहिली खोटारडी मी.

भुलाबाईत खिरापतीचा डबा बंद असतो, माहीत आहे ना? पोरींनी तो हलवायचा, ऐकायचं, आणि आत काय आहे ते ओळखायचं. माझी मैत्रीण कमल सगळं ओळखायची. फुटाणे टणटण वाजतात, मुरमुरे नुसते सरकतात — हे तिनं स्वतः मला शिकवलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे विसरू नका.

त्या वर्षी माझ्या आईनं मुद्दाम अवघड केलं. मी दिवसभर मिरवत होते, आज कमलची फजिती होणार म्हणून. ती आली, डबा कानाशी धरला, हळूच कलता केला आणि हसली. "लोळते पण वाजत नाही. लाडू हायेत. अन् फडक्यात बांधले वं तुया मायनं!" सगळ्या हसल्या. माझी आईसुद्धा.

मग मी बोलले. "तिच्या मागं पाहा! बाई उभी हाय. केस मोकळे सोडून. तिच्या कानात सांगून राह्यली."

एवढंच. पुढचं बाकीच्या पोरींनी केलं. एकीला उलटे पाय दिसले, एकीला हिरवं लुगडं. किंचाळत पळाल्या सगळ्या. कमलही पळाली — कोणापासून पळायचं हेच तिला कळेना. आणि मोठी माणसं? कचेरीत जाणारे, शिकलेले बाप आमचे! एकाला तरी वाटावं ना, की डबा आपणही हलवून पाहावा? मिरच्यांची धुरी दिली पोरीला. तिचा खोकला आमच्या अंगणात ऐकू येत होता. मी आट्यापाट्या खेळत होते. त्यानंतर भुलाबाईला तिला कोणी बोलावलं नाही.

लहान होते, म्हणाल? नका म्हणू. त्या शब्दाचाच मला राग येतो. कारण खरं पाप ते नव्हेच — ते पुढं आहे.

लग्नानंतर कमल एकदा माहेरी आली; मीही तेव्हा माहेरपणाला आले होते, तशी माझ्याकडेही आली. चहा झाला. मग कप खाली ठेवत म्हणाली, "एक सांगशीन काय वं? खरंच पाह्यलं होतं तू तिले?"

मी तेव्हा पोर नव्हते, दोन लेकरांची आई होते. घरात आम्ही दोघीच. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मनात काय आलं — ही गावभर सांगेल, माझ्या सासरी कळेल, मी कशी दिसेन! मी! तिची धुरी नाही आठवली.

"हो वं," मी म्हटलं. "पाह्यलं होतं."

ती चिडली नाही. नुसती मान हलवली. "मले वाटेच, कोणीतरी हाय मागं." आणि पाट सरकवून तिनं पाठ भिंतीला लावली.

कमल आता मारेगावला असते. तिचा फोन नंबर आहे माझ्याकडे. कधी लावला नाही. मध्यंतरी एका लग्नात तिची भाची भेटली. म्हणाली, आमची मावशी मांडवात आली की आधी भिंत शोधते, अन् भिंत नसली तर जेवतच नाही. हसत सांगत होती.

मीही हसले.