तळहातावरचा थेंब

"साखर आज संपावर गेली वाटतं," असं म्हणत माझ्या पुढच्या गृहस्थांनी चिकूच्या मिल्कशेकचा अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि ते निघून गेले.

ज्यूसवाले काकांनी तो ग्लास उचलून बाजूला ठेवला. एरवी टोमणा परतवल्याशिवाय ते कुणाला सोडत नाहीत. कंपनीच्या बसमधून उतरले की मी रोज कसब्यातल्या त्यांच्या दुकानात थांबते, न बोलता फळ्यावरच्या नावाकडे बोट दाखवते आणि ऐकत राहते. कुणी स्मूदी मागितली की ते म्हणतात, "आपलं शिकरणच हो. मिक्सरमधून काढलं की मिल्कशेक, दही घातलं की स्मूदी. नावं तेवढी वाढली." मस्तानीला मात्र कुणी मिल्कशेक म्हटलेलं त्यांना खपत नाही.

प्रत्येक भांड्यातला थेंब तळहातावर घेऊन ते चाखतात, मगच ओततात. परवाच्या तापातून उठल्यापासून मात्र ते थेंब चाखूनही घुटमळतात आणि गिऱ्हाइकाने पहिला घोट घेतला की त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतात.

"दादा, तुझ्या तोंडाला चव नाही," गल्ल्यावर बसलेला त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला. "आणखी एक ग्लास परत आला, तर उद्यापासून मिक्सर मी बघणार. तू गल्ल्यावर बस."

काकांनी नवं भांडं फिरवलं, थेंब चाखला आणि पहिला ग्लास मला दिला. माझ्या मागे त्याच भांड्यातल्या पुढच्या ग्लासांसाठी कॉलेजची मुलं उभी होती. मी घोट घेतला. तो अगोड होता. काका माझ्याकडे बघत होते, भाऊही बघत होता.

"काका, मला गोड जरा जास्त आवडतं," मी म्हणाले. "भांड्यातच दोन चमचे साखर घाला ना."