अण्णांची सुट्टी

माझे वडील मेल्यावरसुद्धा रोज दिवेलागणीला घरी यायचे.

हे वाक्य टाइप करताना नातू म्हणाला, आजी, लोक घाबरतील. मी म्हटलं, घाबरू दे. आम्ही न्हाई घाबरलो का?

आज अण्णांची पुण्यतिथी. गोष्ट निजामाच्या राज्यातली, भोकरदनची.

अण्णा शिंपी होते. सकाळभर मशीनवर बसायचे, पण जीव सगळा बाहेर. दुपारचं जेवण झालं की चालले माळावर. कुठल्या बोरीची बोरं गोड, केळना नदीवर कोणते पक्षी उतरले, सगळं त्यांना पाठ.

माय कटकट करायची की लोकांचे कपडे कोण शिवणार. अण्णा ओंजळभर बोरं तिच्या पुढ्यात ठेवायचे. मंग ती गप.

शुक्रवारचं तर विचारूच नका. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. त्या दिवशी हा माणूस घरात दिसला तर शप्पथ.

त्यांनी एक तितर पाळला होता. नाव मुन्शी. शेरवानीच्या उरलेल्या कापडाची खोळ शिवली होती त्याच्या पिंजऱ्याला, काय तो थाट!

माळावर नेऊन मोकळा सोडला की मुन्शी अण्णांच्या टाचेमागं पळायचा. अण्णा थांबले की थांबायचा, अन् मान वर करून त्यांच्या तोंडाकडं बघत राह्यचा.

घरी ठेवला तर वेगळीच गंमत. अण्णा अजून वेशीतही आलेले नसायचे, अन् हा ओरडायला लागायचा. शेजारच्या खाला भिंतीवरून हसायच्या, "भाभी, तुमारा तार आया. तवा रखो."

माय तवा ठेवायची. पहिली भाकरी फुगेपर्यंत अण्णा दारात. ते आत आले की मुन्शी गप.

त्या दिवशी मुन्शी घरी होता.

दिवे लागले. मुन्शी ओरडला. मायनं तवा ठेवला, भाकरी टाकली. मुन्शी एकदम गप झाला.

माय ताट घ्यायला वळली. दारात कोणी न्हवतं.

मी अंगणातच होते. मीही कोणाला आत जाताना पाहिलं न्हाई.

भाकरी निवली तेव्हा बैलगाडी आली. गाडीत अण्णा होते, घोंगडीखाली.

वाळवी म्हणजे मुन्शीचा खाऊ. त्यासाठी अण्णा वारूळ उकरायचे. आधी काठीनं ठोकायचे, थांबायचे, मगच हात घालायचे. त्या दिवशी घाई झाली की काय, देव जाणे. वारुळात नाग होता. गाडी घेऊन आलेला धनगर म्हणाला, दुपारीच गेल्ते, अंग गार पडलं होतं.

मंग दिवेलागणीला घरात आलं कोण?

दुसऱ्या दिवशी मुन्शी पुन्हा त्याच वेळेला ओरडला, अन् तसाच गप झाला. तिसऱ्या दिवशीही. तेरावं झालं तरी चालूच.

माय रोज तवा ठेवायची. ताट वाढायची, पाट मांडायची, समोर बसून राह्यची. त्यांनी खाल्ल्याशिवाय मी कशी खाऊ, म्हणायची. आम्हाला वाढायचं तिच्या ध्यानातच नसायचं. माझा धाकटा भाऊ अंगावर पीत होता. मायचं दूध आटलं. खाला त्याला शेळीचं दूध पाजायच्या, तरी पोरगं दिवसेंदिवस वाळत चाललं.

मला मुन्शीचा राग यायचा. अन् खरं सांगते, मायची भीती वाटायची.

जालन्याहून मामा आला. म्हणाला, ह्या पाखरापायीच दाजी गेले, मान मुरगाळून टाकतो.

मायनं पिंजरा पोटाशी धरला. "त्याला हात लावलास तर मी विहीर जवळ करीन."

मामा आल्या पावली परतला. करणार काय?

शेवटी खालाच आल्या. मायच्या मांडीवर भाऊ ठेवला अन् हळूच म्हणाल्या, "भाभी, तुम रोज ताट रखते, तो वो रोज आते. अब उनकू छुट्टी देव."

माय त्या पोराकडं किती तरी वेळ बघत बसली. जणू पहिल्यांदाच बघून राह्यली.

शुक्रवार आला. मायनं एका हातात पिंजरा घेतला, दुसऱ्या हातानं मला धरलं. ऊन कलल्यावर आम्ही माळावर गेलो. वेशीबाहेर तिनं पिंजरा उघडला.

मुन्शी उडाला न्हाई. आमच्या मागंही आला न्हाई.

तो आमच्या पुढं पळायला लागला. सरळ, पायवाटेनं, इकडंतिकडं चोच न मारता. बाभळीपाशी थांबला. अण्णा तिथंच थांबायचे, पाणी प्यायला.

थांबून त्यानं मान वर केली.

मी मायला बिलगले.

मुन्शी पुन्हा निघाला. आम्हीही निघालो. वारूळ दिसायला लागलं तशी माय उभी राह्यली. डोक्यावरचा पदर सारखा केला, अन् रिकाम्या वाटेला म्हणाली,

"आता येऊ नका. लेकरं मी सांभाळते. मुन्शीला घेऊन जा."

मंग मला म्हणाली, मागं बघू नको.

मी बघितलं.

मुन्शी डोंगराकडं चालला होता. कोणाच्या तरी टाचेमागं.

घरी आलो. दिवे लागले. आवाज आला न्हाई. मायनं तवा ठेवला, भाकरी टाकली, मला वाढलं. मंग अण्णांच्या पाटावर स्वतः बसली अन् अण्णांच्या वाटणीची भाकरी खाल्ली. रडत रडत, पण सगळी खाल्ली.

भाऊ जगला. आज तो पणजोबा आहे, अन् ही पोस्ट वाचून मला फोन करून शिव्या देणार आहे.

जालन्यात माझ्या फ्लॅटमध्ये मी दिवेलागणीला तवा ठेवू देत न्हाई. सुना हसतात. हसू द्या. भाकरी आधी टाका न्हाई तर उशिरा टाका.

अण्णा, लेकीचा नमस्कार.
आम्ही सगळे पोटभर जेवतो. तुमची सुट्टी चालू द्या.