इंदूचा भोंगा

आमच्या स्टाफरूममध्ये पंखा एक, खुर्च्या सात आणि किस्से किती ते देव जाणे. कुणी मुद्दाम जमवायला बसत नाही, पण चहा थंड होईपर्यंत एखादा नवा तयार होतोच.

मी मालवणजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. पोरांचा सगळ्यात लाडका धडा म्हणजे अभिजात अभिसंधान. एवढं नाव कोण घेणार, म्हणून पोरं त्याला 'कुत्र्याचो धडो' म्हणतात. रोज घंटा वाजवून कुत्र्याला खायला दिलं, की काही दिवसांनी नुसत्या घंटेनेही त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, एवढंच त्यात आहे.

दिवाळीआधीच्या पेपरात एका मुलीने उदाहरण लिहिलं, "घंटा म्हणजे इंदूचा भोंगा, कुत्रा म्हणजे परब सर." मी पैकीच्या पैकी मार्क दिले आणि पेपर सरांपासून लपवला. कारण तेव्हा सरांनी मासे सोडले होते. सरांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची, वाचा परत यावी म्हणून.

*

इंदू म्हणजे आमची मासेवाली. स्कूटरच्या मागे माशांचा क्रेट आणि हँडलला रबरी भोंगा. सकाळी आठला आमच्या आळीत, साडेदहाला कॉलेजच्या गेटवर. भोंगा वाजला की कॉलेजची तिन्ही मांजरं चालू तासातून उठून गेटवर जातात. पोरांना तशी परवानगी नाही, याचं पोरांना फार वाईट वाटतं.

एकदा पाववाल्या पास्कूचा भोंगा फुटला. त्याने बाजारातून नवा आणला, तो नेमका इंदूसारखाच वाजणारा. दुसऱ्या दिवशी पास्कूच्या सायकलीभोवती तीन मांजरं! पावांचा वास घेऊन दोन परत गेली. काळीने मात्र पास्कूकडे असं काही बघितलं, की त्या बिचाऱ्याने अपराधी होऊन अर्धा पाव तिच्यापुढे टाकला. आता ती रोज पाव खाते. शिळा चालत नाही.

*

आमच्या दांतस टीचर गणित शिकवतात. पंचवीस वर्षं परीक्षांना सुपरव्हिजन केलेली बाई. एका रविवारी चर्चमध्ये मिसेची प्रार्थना चालू होती, सगळे डोळे मिटून होते, आणि वेदीवरची घंटा वाजली. टीचर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वेळ संपली. पेन खाली ठेवा."

पुढच्या बाकावर त्यांचे दोन माजी विद्यार्थी होते. त्यांचे जोडलेले हात झटकन मांडीवर गेले.

*

आता परब सर. इतिहासाचे. माझे शेजारीही तेच, आमच्या मध्ये फक्त एक कुंपण. शिकवताना सरांचा आवाज असा लागतो की मागच्या बाकावरचाही झोपत नाही. पण साडेदहाला भोंगा वाजला की आरमार असो नाहीतर तह असो, सर वाक्याच्या मध्येच आवंढा गिळणार. पोरं बोटांवर मोजायची. एक आवंढा म्हणजे बांगडा, दोन म्हणजे सुरमई, असा त्यांचा हिशोब होता.

दोन वर्षांपूर्वीच्या एकादशीला मी इंदूकडून भोंगा मागून आणला आणि स्टाफरूमच्या टेबलाखाली धरून वाजवला. सरांच्या तोंडात साबुदाण्याची खिचडी होती. वर न बघता ते म्हणाले, "सरंगो आसा काय बघ गो!"

नंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही.

*

सरांच्या घरात मासे घ्यायचं काम मात्र वहिनींचं. भोंगा वाजला की वहिनी खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, पायरीवर. इंदूने भाव सांगितला, की तो कितीही असो, वहिनींचं उत्तर ठरलेलं, "लुटूक इलंस काय गो?" लुटायला आलीस काय, म्हणून. मग दहा मिनिटं घासाघीस. मी त्यावर माझं घड्याळ लावायची.

एकदा रापणीला, किनाऱ्यावरून ओढतात त्या जाळ्याला, इतके बांगडे लागले की काठावर ठेवायला जागा उरली नाही. इंदूने पाच बांगडे वहिनींच्या ताटात टाकले आणि सांगितलं, पैसे नकोत, असेच घे. वहिनी म्हणाल्या, "लुटूक इलंस काय गो?"

इंदू स्कूटरवरून पडायची बाकी होती.

*

गेल्या गणपतीनंतर वहिनींना झटका आला. हातपाय सुधारले, काठी घेऊन चालायला लागल्या, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, येईलही, सांगता येत नाही. सरांनी देवीपुढे गाऱ्हाणं घातलं, हिच्या तोंडातून शब्द येईपर्यंत मी माशाला शिवणार नाही. मालवणी माणूस हे बोलला म्हणजे काय, ते बाहेरच्यांना नाही कळायचं. सर रोज संध्याकाळी वहिनींना पेपर वाचून दाखवायचे, नातवंडांची नावं म्हणवून घ्यायचा प्रयत्न करायचे. वहिनी नुसत्या बघायच्या. मला ते कुंपणापलीकडून ऐकवायचं नाही.

इंदू मात्र रोज त्यांच्या दारात थांबायची आणि भोंगा वाजवायची. सर हात हलवून पुढे जा म्हणायचे. शेवटी त्यांनी तिला बजावलं, आमच्या दारात थांबत जाऊ नकोस.

"मी थांबणय नाय सर," ती म्हणाली. "स्कूटर थांबता."

त्या घराला मासे वर्ज्य, म्हणून माझे बांगडे ती मागच्या दाराने आणून द्यायची. भावसुद्धा कुजबुजत सांगायची.

*

फाल्गुनातला रविवार होता. माझ्या मागच्या दारात चिऱ्यांचा ढीग पडला होता, म्हणून मी पुढे कुंपणापाशीच आले. वहिनी त्यांच्या पायरीवर बसल्या होत्या. सर अबोलीला पाणी घालत होते. इंदूने सवयीने भोंगा वाजवला, सरांनी सवयीने हात हलवला. मी विचारलं, बांगडे कसे?

कुजबुजायचं इंदूच्या लक्षातच राहिलं नाही. "शंभराक तीन," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

"लुटूक इलंस काय गो?"

आवाज जड होता, अक्षरं थोडी वाकडी होती. पण पायरीवरून आला होता.

सरांच्या हातातली झारी अबोली सोडून त्यांच्याच पायावर पाणी ओतत होती. त्यांनी आवंढा गिळला, मग आणखी एक, मग आणखी. मी मोजायचं सोडून दिलं.

इंदूने स्कूटर स्टँडवर लावली, क्रेट उचलून थेट वहिनींच्या पायरीवर ठेवला आणि पदराने डोळे पुसत समोर फतकल मारून बसली.

"होय गो वयनी, लुटूकच इलंय. कर आता भाव."