‘मग’ काढून टाकल्यावर

घरात तिला थोरली म्हणत आणि विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात सर तिला शंकासूर म्हणत. हे दुसरं नाव पडलं ते एम.ए.च्या पहिल्या वर्षी. सरांच्या एका तासाला तिने इतक्या वेळा हात वर केला, की शेवटी सरांनी खडू खाली ठेवला. “बाई गं, तुझ्या शंकांना काही अंत आहे की नाही? शंकासूर आहेस नुसती!” वर्ग खो खो हसला, तीही हसली. तास संपल्यावर सरांनी तिला थांबवून विचारलं, “पुढे पीएचडी करशील का माझ्याकडे?”

आई कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलावर कामाला, धाकटा भाऊ गॅरेजमध्ये, वडील ती शाळेत असतानाच गेलेले. थोरली नक्की शिकते तरी काय, असं शेजारणीने विचारलं की आई ठसक्यात सांगायची, “भौतिकशास्त्राचं तत्त्वज्ञान. मला नाही कळत, पण तिला कळतं ना, झालं तर!” भाऊ चिडवायचा, “ताई, काळ नाहीच असं एकदाचं सिद्ध कर. मग मला उशीर झाला म्हणून मालक कसा ओरडतो बघू.”

चेष्टेत का होईना, विषय त्याने बरोबर पकडला होता. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आणि अणूंच्या जगाचा क्वांटम सिद्धांत, या दोघांचं जमवायला गेलं की जे समीकरण हाती येतं, त्यात काळ उरतच नाही. मग आपण रोज जगतो तो काळ येतो कुठून? सरांनी उभी हयात या एका प्रश्नापायी घालवली होती. त्यांचं उत्तर असं होतं : मुळात आहेत त्या फक्त वस्तूंच्या वेगवेगळ्या अवस्था. त्यातल्या काही अवस्थांमध्ये दुसऱ्या अवस्थांच्या खुणा असतात, वाळूत पावलांचे ठसे असावेत तशा. त्या खुणा जुळवत गेलं की जी रांग लागते, तिलाच आपण काळ म्हणतो. हा युक्तिवाद दूरदूरच्या विद्यापीठांत सरांच्या नावाने ओळखला जायचा. थोरलीचा प्रबंध त्याच्याच पायावर उभा राहणार होता.

शनिवारी सकाळी ती सरांच्या घरी जाई. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, चहा ठेवलेला असे. काकू एका ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, बोलायला मिश्कील. “आमच्या घरात मूलबाळ नाही, पण शंका मात्र भरपूर,” असं म्हणून त्या बिस्किटांचा डबा तिच्यापुढे सरकवत. सर तिचं लेखन पेन्सिलने कापून काढत. रागवत, टेबलावर हात आपटत, आणि पाचव्या मिनिटाला “खा ते बिस्कीट” म्हणत. आपले वडील असते तर असेच रागावले असते, असं तिला वाटे. हे तिने कुणाला कधी बोलून दाखवलं नाही.

सरांनी तिला एक युक्ती शिकवली होती. “एखाद्या शब्दाचा संशय आला ना, की तो काढून टाक आणि वाक्य परत लिही. उभं राहिलं तर ठीक. नाही राहिलं, तर समजायचं की सगळा भार तो बिचारा एकटाच वाहत होता.”

शेवटचं प्रकरण लिहीत असताना एका दुपारी ती विभागाच्या अभ्यासिकेत एकटीच होती. सुरुवातीला सरांचा युक्तिवाद थोडक्यात द्यायचा होता. आपली भाषा चोख असावी म्हणून तिने ठरवलं, ‘आधी’, ‘नंतर’, ‘मग’ हे तिन्ही शब्द वगळून लिहायचं. जिथे काळच नाही, तिथे हे शब्द हवेत कशाला? एकेक पायरी सुरळीत उतरत गेली. ‘खुणे’पाशी आल्यावर पेन अडलं. खूण कशाची? जे आधी घडून गेलं त्याची. ‘आधी’ काढून टाकलं, तर खूण ही खूण राहतच नव्हती. नुसता एक आकार उरत होता. पावलाचा ठसा आणि वाऱ्याने पडलेला खळगा यांत फरक एवढाच, की ठशाच्या आधी तिथे पाऊल होतं. म्हणजे ज्या काळाला सरांनी पुढच्या दाराने बाहेर काढलं होतं, तो मागच्या दाराने केव्हाच घरात येऊन बसला होता.

आपलंच कुठेतरी चुकतंय, असं धरून ती पुढचे काही आठवडे त्या एका वाक्याशी झगडत राहिली. खुणेची नवी व्याख्या केली, जुनी सोडली, गणित नव्याने मांडलं. दर वेळी ‘आधी’ कुठून तरी डोकं वर काढायचंच. जेवणावरून लक्ष उडालं तेव्हा आई म्हणाली, “काय झालंय? कुणी काही बोललं का?”

“नाही गं. मलाच कुणाला तरी काहीतरी सांगायचंय.”

“मग सांगून मोकळी हो. झुरतेस कशाला?”

सर त्याच वर्षी निवृत्त होणार होते आणि आयुष्यभराच्या कामाचं त्यांचं पुस्तक छपाईला निघालं होतं. थोरली गप्प बसली असती, तर निदान तेव्हा तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण सरांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलीला ते जमण्यातलं नव्हतं.

शनिवारी तिने कागद सरांपुढे ठेवला. सर वाचायला लागले ते हसतच. “काय शंकासूर, आता माझ्यावरच उलटलीस होय?” वाचता वाचता हसू मावळलं. त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. पेन्सिल उचलली, एका ओळीखाली टेकवली, तशीच धरून ठेवली.

“हे कुणाला दाखवलंस?”

“कुणालाच नाही, सर. आधी तुम्हालाच.”

“हं.”

“माझं चुकत असेल तर सांगा ना, सर. मला तर वाटतंय माझंच चुकावं.”

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. काकू चहा घेऊन आत आल्या, दोघांचे चेहरे बघून दारातच थबकल्या. “आज राहू दे,” सर म्हणाले. “तू जा आता.”

पुढच्या शनिवारी काकूंचा फोन आला, की सरांना बरं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. शेवटी तिने त्यांना विभागाच्या जिन्यात गाठलं. सर थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “तुमचं प्रकरण मी विभागप्रमुखांकडे दिलंय. तब्येतीमुळे मला यापुढे मार्गदर्शन जमणार नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलून घ्या.”

तुम्ही. इतकी वर्षं जे तोंड ‘तू’शिवाय बोललं नाही, त्याने तिला तुम्ही म्हटलं. टेबलावर हात आपटला असता, चार माणसांत अपमान केला असता, तरी तिने तो गोड मानून घेतला असता. सर कठड्याला धरून हळूहळू खाली उतरून गेले. ती तिथेच पायरीवर बसली.

विभागप्रमुख बाई कामाला वाघ होत्या. त्यांनी प्रबंध पुरा करून घेतला. त्यांच्याकडूनच तिला कळलं, की सरांनी आपलं पुस्तक छपाईतून परत घेतलं. कारण काही दिलं नाही. हे ऐकून ती अभ्यासिकेत जाऊन ओक्साबोक्शी रडली. हट्टाने पुस्तक छापलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

तोंडी परीक्षेला आई इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. परीक्षकांनी त्या प्रकरणाची तोंडभरून स्तुती केली. थोरली उत्तरं देत होती आणि डोळे दाराकडे लागले होते. सर आले नाहीत. भावाने पेढ्यांचा खोका फोडला, तेव्हा तिने आपल्या वाटचा पेढा आईच्या हातावर ठेवला.

दीडेक वर्षाने सर गेले. झोपेतच गेले. तोवर तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. बातमी कळून ती पोचली तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. काकूंनी तिला जवळ बसवून घेतलं.

“तुझं बरोबर आहे, हे त्यांना त्याच दिवशी पटलं होतं,” काकू म्हणाल्या. “तू गेलीस आणि ते मला म्हणाले, पोरीने अचूक बोट ठेवलं.”

“मग माझ्याशी बोलले का नाहीत, काकू? एकदा तरी?”

“मी काय कमी विचारलं? म्हणायचे, बोलेन. पुढच्या शनिवारी बोलावू तिला. असे किती शनिवार गेले.” काकूंनी पदराने डोळे पुसले. “तुला त्यांचा राग येतो का गं?”

“राग आला असता तर बरं झालं असतं.”

हल्ली सुट्टी मिळाली की ती काकूंकडे जाते. दोघी भाजी निवडतात, बाजारात जाऊन येतात, इकडचं तिकडचं बोलतात. काकूंना आता कमी ऐकू येतं, म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागतं. सरांचा विषय निघाला, की काकू काहीतरी आठवल्यासारखं करून आत जातात, आणि त्या बाहेर येईपर्यंत ती भाजीची जुडी हातात धरून बसून राहते.