ढाक्याच्या स्टेडियमशी सोयरीक

पोरगी रडायची थांबली. रडत होती तोवर बरं होतं, जीव आहे हे कळत होतं. आता नुसतं तोंड उघडायची आणि मिटायची, आवाजच नाही. तिची अम्मी, आमची शेजारीण, बाजूला तापाने फणफणलेली, तिचं दूध पार आटलेलं. पावडरचा डबा संपलेला, शुक्रवार म्हणून दुकानं बंद, बकरीचं दूध पाजलं ते पोरीने ओकून टाकलं. आमचे हे आणि तिचा नवरा जीप घेऊन दुबईला डॉक्टर आणायला गेलेले, आणि शारजाहून दुबई म्हणजे सगळी रेती, चाक रुतलं की खलास.

आणि माझी छाती भरलेली, चोळी ओली. माझा पोरगा अजून अंगावर पीत होता.

म्हणाल, मग पाजायचं ना, विचार कसला. विचार होता. एका बाईचं दूध प्यायलेली पोरं भाऊबहीण होतात, त्यांचा निकाह होत नाही, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि ही पोरगी माझ्या पोराला दिलेली होती.

दिली कुणी? आमच्या ह्यांनी. एका स्टेडियमपायी.

आम्ही शारजात, रोल्ला मैदानातल्या मोठ्या वडापलीकडे राहतो, खजुरीच्या झावळ्यांची घरं, मध्ये एक कूड. पोरीची अम्मी ढाक्याची, माझ्याहून मोठी, मी आपा म्हणायची. रेडिओ त्यांच्याकडे. ढाक्याहून मॅचची कॉमेंट्री लागली की आमचे हे जेवण अर्धं टाकून तिकडे, तिच्या नवऱ्याजवळ बसायचे. पण नवरा मुखदुर्बळ, बोलायची तीच. ती लहान असताना ढाक्याच्या स्टेडियमच्या जागी मोकळं मैदान होतं म्हणे. मग विटा आल्या, भिंती चढल्या, ही गच्चीवरून बघायची. हिंदुस्थानची टीम आली पहिली मोठी मॅच खेळायला, तेव्हा जमिनीवर काथ्याची चटई अंथरलेली. गॅलरीखाली गोलाकार दुकानांची रांग, त्यात तिच्या अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं. वर चौका बसला की लोक पाय आपटायचे आणि अब्बांच्या ताटलीतले स्क्रू उडायचे.

"अब्बा बोलते, मॅच देखने की क्या ज़रूरत, मेरा स्क्रू सब बता देता है."

आमचे हे हसून हसून डोळे पुसायचे. मी कुडाच्या अलीकडे भाकऱ्या थापत ऐकायची. काथ्या तर माझा बाप वळतो, रत्नागिरीला आमच्या अंगणात, हात सोलवटलेले असतात त्याचे. ते ह्यांनी कधी विचारलं नाही. एकदा मीच सांगितलं तर म्हणाले, "अगं, कुठे सुंभ आणि कुठे टेस्ट मॅच."

"त्यांची चटई पण सुंभाचीच होती."

"तुला त्या स्टेडियमवर जळायला होतं," म्हणाले, आणि हे सगळ्यांसमोर. आपा पण हसली. होतं जळायला. तिचं हसणं गोड होतं, दात सारखे होते, आणि तिच्याकडे एक अख्खं स्टेडियम होतं.

मग तिला पोरगी झाली. दावतीला ह्यांनी माझा पोरगा उचलला, तिच्यापुढे धरला. "आपा, ही आमची सून. यल्ला, चला, बात पक्की."

"तो बारात स्टेडियम के गेट से निकलेगी, भाभी."

ह्यांनी खरंच जबान दिली. मला कुणी विचारलं नाही. मी शेवया वाढत होते. आता ही जन्मभर विहीण म्हणून माझ्या घरात बसणार, स्क्रू उडवणार.

आणि त्या दुपारी तिची पोरगी माझ्या मांडीवर गार पडत चाललेली. मी चोळीला हात घातला तसे आपाने डोळे उघडले. "भाभी, मत पिलाना. रिश्ता टूट जाएगा. वो लोग आते होंगे."

मी दाराकडे बघितलं. नुसती रेती. थांबावं तर पोरगी जाईल, पाजावं तर सगळे म्हणणार हिने डाव साधला.

मी पाजलं. पहिल्यांदा तिला ओढताच येईना, मी बोटाने थेंब तिच्या जिभेवर लावले. मग ओढायला लागली, एवढ्या जोरात की मला कळ आली. आपा भिंतीकडे तोंड करून रडली.

डॉक्टर आले ते पोरगी पोटभर पिऊन झोपल्यावर. म्हणाले, बच गई. आपाही चार दिवसांत उठली. ह्यांनी मला बाहेर नेलं, हळू विचारलं, "पोरीसाठी पाजलंस, की सोयरीक तोडायला?"

मी म्हटलं, पोरीसाठी. त्यांनी मान हलवली, पण त्या रात्री जेवले नाहीत.

आता ती पोरगी माझी दूधबेटी. म्हणजे आमचे हे तिचे दूधबाप, आणि आपा रोज येते, हक्काने, कूड पण काढून टाकला मधला. रेडिओ आमच्याच घरात वाजतो. मॅच असली की पोरगी माझ्या मांडीवर, आपा चटईवर, हे तिच्या समोर, आणि पुन्हा ते स्क्रू.

हे अजून कधीकधी माझ्याकडे तसेच बघतात. मी पोरीसाठीच पाजलं. पण ती प्यायला लागली तेव्हा मला हलकं वाटलं, ते कशाने, ते मला नीट सांगता येत नाही. तुम्ही तिथे असतात, छाती भरलेली, दारात कुणी नाही, आणि ती बाई नको नको म्हणत असती, तर तुम्ही काय केलं असतं?