माघातलं पांढरं वावर

जानेफळच्या स्टँडवर एसटीची पायरी चढताना मी रडले नाही, रेखा रडली. नर्सिंग शिकून मी पुण्याला निघाले होते आणि ती, माझी धाकटी बहीण, माझी पत्र्याची पेटी दोन्ही हातांनी धरून उभी होती. आई खिडकीपाशी येऊन पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "पोचली की फोन कर वं." बाबा बियाण्याची रांग सोडून आले होते. बीटी कपाशी तेव्हा आमच्याकडे नवी होती, तिचं पाकीट मिळावं म्हणून माणसं थेट चिखलीपर्यंत जात. गाडी सुटली तेव्हा मला रेखाची कीव आली. बिचारी, राहिली इथेच. पुढची कितीतरी वर्षं ती कीव मला महागात पडली.

तुम्हीही कुणी गाव सोडलं असेल, तर रविवारचा फोन तुम्हाला आठवेल. मी बूथवरून आमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावायची. रेखा धावत यायची, धापा टाकत "जयभीम ताई" म्हणायची आणि सुरू व्हायची: गाय व्याली, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडांना, पात्या लागल्या, कोण कुणावर रुसलं. माझं बोलायचं राहूनच जायचं. रेखाला गावातच दिलं. बाबा गेल्यावर आमचं वावर ती आणि तिचा नवरा प्रकाश करू लागले, आई तिच्याजवळ राहू लागली. माझाही संसार पुण्यात सुरू झाला. मग दोघींच्या हातात मोबाइल आले आणि त्यात फेसबुक आलं.

त्याचे उपकार नाकारणार नाही. हरवलेल्या शाळूसोबतिणी सापडल्या. एकदा पेशंटला रक्त हवं होतं, तर नुसत्या एका पोस्टवर चार अनोळखी मुलं दारात उभी राहिली. आईचा चेहरा रोज दिसू लागला. पण खोटं कशाला बोलू, मी जळायचे. चुलीवरची भाकर, पाट्यावरचा ठेचा, वावरातली बोरं, रेखा सगळं टाकायची. एकदा तिनं आईचा फोटो टाकला. ओट्यावर बसलेली आई, तिच्या मांडीवर झोपलेला रेखाचा मुलगा. माझ्या मुलाला ती मांडी दोन वर्षांतून एकदा मिळायची. मी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला आणि दिवसभर घरात सगळ्यांवर खेकसत राहिले.

मग मीही टाकायला लागले. मॉल, मेट्रो आणि एक सुंदर बाल्कनी, झाडांनी भरलेली. खाली लिहायचे, 'संध्याकाळचा चहा.' बाल्कनी माझी नव्हती. कोथरूडला एका लकवा झालेल्या आजींकडे मी दिवसपाळीला जात होते, त्यांची होती. आमच्या खोलीची खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत लागते. फोटोच्या कोपऱ्यात आजींच्या खुर्चीचा हात यायचा, त्यावर त्यांची जांभळी शाल. तेवढं कोण बघतंय?

या सगळ्यात रविवारचा फोन कधी बंद पडला ते कळलंच नाही. तिची खबर रोज दिसत होती, मग विचारायचं काय?

माघ लागला होता. कामावरून परतताना, तिसऱ्या बसची वाट बघत असताना, रेखाचा फोटो दिसला. बांधापासून बांधापर्यंत पांढरंशुभ्र वावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथे माझे पाय सुजलेत आणि ही बघा! मी सगळ्यांदेखत लिहिलं, 'पांढरं सोनं! मजा आहे बुवा एका माणसाची.' उत्तरादाखल तिनं नुसता अंगठा पाठवला. तोही मला आखडूपणाचाच वाटला.

पंधरा-वीस दिवसांनी चुलतभावाच्या लग्नाला गावी गेले आणि वावरात गेले. कपाशीत शेळ्या चरत होत्या. पांढरं अजूनही तसंच होतं. मी एक बोंड हातात घेतलं. ते अर्धवट उमलून टणक झालेलं, कापूस आत चिकटलेला, पिवळा-तपकिरी. फोडलं तर गुलाबी अळी. तिला रोखायलाच तर ते बीटी बियाणं आलं होतं ना? लांबून शुभ्र दिसणारं सगळं वावर तसलंच होतं. वेचायला बाया यायला तयार नव्हत्या. बोटं फाटतात आणि दिवसभर वेचून कमरेची ओटीही कापसानं भरत नाही.

"मले काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं. पुण्यात पुसली गेलेली भाषा तोंडात आपोआप आली.

रेखा शेळ्यांकडे बघत म्हणाली, "सांगतलं ना. फोटो कायले टाकला होता मंग? साऱ्या गावासमोर काय लिहू, अळीनं खाल्लं म्हणून? तुह्यासाठीच टाकला होता. म्हटलं, माघात वावर पांढरं पाह्यलं की ताईले समजन. फोन करन."

कापसाच्या घरात जन्मलेल्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. माघापर्यंत वेचण्या आटोपतात, वावरात नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या उरतात. माघात पांढरं वावर म्हणजे न वेचलेलं वावर. मला हे माहीत होतं. मी फक्त पांढरं पाहिलं आणि जळले.

बांधावर बसून मी तिला बाल्कनीचं सगळं खरं सांगितलं. ती हसली आणि मग डोळे पुसत म्हणाली, "अन् मी पोराले रोज दाखवून राह्यली होती, पाह्य, मावशीचं घर!" तिनं शालीबद्दलही विचारलं. माझी नाही हे तिला पहिल्याच फोटोत कळलं होतं. जांभळा रंग मी कधी अंगाला लावत नाही. पण कुणाची, हे तिला आज कळलं.

गेल्या महिन्यात कोथरूडच्या आजी गेल्या. त्यांच्या मुलीनं घर आवरायला बोलावलं होतं. निघताना सवयीनं बाल्कनीत स्वतःचा फोटो काढला, हसरा, आणि टाकला. खाली 'मस्त', 'ताई, काय व्ह्यू आहे' अशी रांग लागली. दहा मिनिटांत फोन वाजला. रविवार नव्हता.

"ताई, खुर्चीवर शाल नाई दिसून राह्यली. म्हतारी गेली का वं?"

मी तिथेच त्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि कितीतरी वर्षांनी मोठ्यानं रडले. ती फोन धरून राहिली. घर कुठे आहे असं आता कुणी विचारलं, तर मी जानेफळ म्हणत नाही, पुणेही म्हणत नाही. त्या फोनच्या पलीकडे आहे म्हणते. आणि रेखाचा हेवा? तो अजून वाटतो, पूर्वीपेक्षा जास्त. तिला माझा फोटो वाचता आला, मला तिचा आला नाही.