पपईची गोळी

सकाळी शेजारची शांता मनगटाने भाकरी थापताना दिसली आणि माझं डोकं फिरलं. आमवाताने तिची बोटं वळतच नाहीत. गोळ्या विकणारी बाई तिला म्हणाली होती, "यात पपईचं एन्झाइम आहे, सूज विरघळते. डॉक्टरांचं औषध बंद करा." शांताने मला विचारलं. कच्च्या पपईने मटण लवकर शिजतं, हे मला ठाऊक. मी शहाणी म्हणाले, "मग सूज का नाही जाणार? घे की!" तिने डॉक्टरांचं औषध सोडून त्या गोळ्या घेतल्या आणि दोन महिन्यांत बोटं आखडली.

मटण मेलेलं असतं, हात जिवंत असतो. एवढं मला कळू नये? त्या बाईला मी रोज शिव्या घालते. शांता मला एकही घालत नाही.

"आक्का, भाकरी जाड झालीय," ती म्हणाली, "पण गरम आहे. बसा."